दुखवट्याची किटली

रंगूबाई सांगलीला आल्या आणि जिन्यावर त्यांचं पाऊल वाजलं रे वाजलं, की मी चहाचं आधण ठेवायची. घाई नसायची. विश्रामबागेतल्या त्या घराचा जिना त्यांनीच बांधून घेतलेला आणि त्यांनाच तो चढवत नसे. दोन पायऱ्या, थांबा, कठड्याला एक शिवी, पुन्हा दोन पायऱ्या. त्या वर पोचेपर्यंत चहा उकळून मुरलेला असायचा. आमच्या खुर्चीत त्या मावत नसत, म्हणून थेट दिवाणावर बसत, पदरानं गळा पुसत आणि पहिला घोट घेऊन म्हणत, "बी.ए., ह्यो च्या हाय, का हातपाय धुवायचं पानी?"

बी.ए. म्हणजे मी. त्यांचं घर भाड्यानं घेताना आमच्या ह्यांनी कौतुकानं सांगितलं होतं, की बायको बी.ए. झालेली आहे. रंगूबाईंनी तेच माझं नाव करून टाकलं. त्यात कौतुक कुठंच नव्हतं. भात करपला, नळ गळला, खालच्या खोलीतल्या त्यांच्या लेकीला, शिवांजलीला, कॉलेजात कमी मार्क पडले, तरी "बी.ए. वर ऱ्हाते म्हनं" असं त्या माझ्याच खिडकीकडं बघून म्हणायच्या.

गाव त्यांचं इस्लामपूरच्या पुढं, कृष्णाकाठचं. ऊस, विहीर, दारात म्हशी. येताना त्या म्हशीच्या दुधाची बरणी आणायच्या आणि ती ओट्यावर आपटून सांगायच्या, "पिशवीतल्या दुधाचा मला दिऊ नगं." साखर किती घालायची, हे त्या मला शिकवत नसत, स्वतः उठून घालत. पावडर काळी होईतो उकळायची. कप बाजूला, स्टीलचा मोठा पेला. पेल्यातून बशीत, बशीतून आवाज करत पोटात. उठल्यावरचा, धारा काढल्यावरचा, रानात जायच्या आधीचा, रानातून आल्याचा, कुणी आलं म्हणून, कुणी गेलं म्हणून. चहाला उशीर झाला, तर समोर दिसेल त्याच्या सात पिढ्या निघायच्या. गड्यांनाही ठाऊक होतं, बाईंकडं काही मागायचं असेल तर हातात पेला असताना मागायचं.

माहेर जतचं. पाऊस नाही, विहिरीत पाणी नाही, टँकरची वाट बघण्यातच लहानपण गेलेलं. एकदा रंगात येऊन म्हणाल्या होत्या, "आमच्याकडं पावण्यानं तांब्याभर पानी मागितलं तर आई त्वांड वाकडं करायची. अर्धा कप च्या मात्र लगीच. त्यात पानी कमी लागतं गं." तिथून पाण्याच्या मुलखात आल्या आणि पेल्याचं माप तेवढं वाढवलं.

हे सगळं हसत हसत सांगण्यासारखं आहे, पण रंगूबाईंच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वैरही ह्याच चहातून आलं.

लालासाहेब, म्हणजे त्यांचे मालक, गेले ते पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात. आम्ही दोघं सकाळीच गावी पोचलो. ज्या घरात माणूस गेलं तिथं चूल पेटवत नाहीत. चहा येतो तो भावकीतून, आणि भावकी म्हणजे भिंतीपलीकडचं घर, धाकटे दीर नाथाजी आणि त्यांची बायको हौसाबाई. हौसाबाई वडूजच्या. अंगानं काटकुळ्या, जिभेनं भरलेल्या. दोघी जावा दुष्काळी भागातून आलेल्या, आणि दोघीही एकमेकींना "दुष्काळातली" म्हणायच्या.

रंगूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. रात्रभर जागरण, पोटात काही नाही, कपाळ पदरानं आवळलेलं. हौसाबाई जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची मोठी किटली घेऊन आल्या. सगळ्या बायकांना अर्धा-अर्धा कप दिला. रंगूबाईंनी घेतला, एका दमात संपवला आणि कप तसाच पुढं धरला. मी समोरच होते. तो हात मागण्याचा नव्हता. बुडणारं माणूस हात वर करतं, तसा तो हात होता. हौसाबाईंनी कप भरला आणि शेजारच्या बाईकडं वळून, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दादा थांबलं, पर आक्काचा च्या काय थांबंना."

दुपारपर्यंत ते वाक्य नदीवर पोचलं होतं. नवरा ओसरीवर आणि बाई चहा ढोसतीया, असं त्याचं रूप झालं. पुढं महिनाभर पिठाच्या गिरणीत, देवळापुढं, कुणी दुसऱ्यांदा चहा घेतला, की म्हणायचे, "काय गड्या, घरात कोन गेलं का?"

तेराव्याला भावकी जेवायला बसली असताना रंगूबाई मधे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हौसा, तुज्या घरचा च्या मी पिले, तर माज्या मालकाचं रगत पिल्यागत."

त्या दिवसापासून दोन घरांतलं दार बंद. आधी दार, मग बांध, मग म्हशीचा वाटा, मग बोलणं. कुणाचं कोंबडं कुणाच्या अंगणात गेलं तरी दगड सुटायचे.

वजन त्या सालानंतर आणखी वाढलं. झोपेत श्वास अडकायचा. गुडघे वाजायचे. साखर निघाली, रक्तदाब निघाला. सांगलीच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "असंच चाललं तर मुलीचं लग्न बघायला मिळेल याची खात्री देत नाही." आणि पुण्यातल्या एका सर्जनचं नाव दिलं. परदेशात शिकून आलेले. पोटाला आतून टाचण्या मारून ते लहान करतात म्हणे. त्या काळी हे आम्ही कधी ऐकलंही नव्हतं. मी आणि शिवांजली त्यांना घेऊन पुण्याला गेलो. सर्जननं कागदावर एक मोठी पिशवी काढली आणि तिच्या तोंडाशी अंड्याएवढा भाग रेघेनं वेगळा केला. "इतकंच पोट राहणार. घास चावून चावून. पाणी घोट घोट. आणि चहा बंद, तोही आजपासून."

"आपरेशन तर पुढच्या महिन्यात हाय," रंगूबाई म्हणाल्या.

"म्हणूनच आत्ता. तुमच्या रक्तात चहा आहे, बाई. तो सुटताना डोकं फुटायची वेळ येते. ते आधीच होऊन जाऊ दे. पोटावर टाके असताना नको. आणि नंतर घेतलात, तर आम्ल सुटून टाक्यांपाशी जखम होईल."

रंगूबाई बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "ह्येला म्हशीच्या दुधाचा कुनी पाजला न्हाई, म्हनून असं बोलतोय."

पण लेकीचं लग्न बघायचं होतं. शिवांजलीला भाऊ नाही, वडील नाहीत. आई गेली, तर तिचं सगळं नाथाजीच्या हातात, म्हणजे हौसाबाईच्या हातात. एवढ्या एका गोष्टीसाठी त्या तयार झाल्या.

ते दिवस त्यांनी सांगलीत, खालच्या खोलीत काढले. गावात चहा सुटणार नाही, हे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपासून डोकं. कपाळाला फडकं बांधून, खिडक्यांना चादरी लावून त्या पडून राहिल्या आणि तिथून सगळ्यांना शिव्या देत राहिल्या. शिवांजलीची वेणी घालतानाचा कंगव्याचा आवाज सहन होईना. मी मऊ भात घेऊन गेले, तर ताट ढकललं. म्हणाल्या, "तुज्या घरातनं वास येतोय. मुद्दाम करतीस. बी.ए. झालीस ती मला जाळायला?"

"रंगूबाई, खिडकी लावली आहे मी."

"मग जिन्यावरनं येतोय. च्या उकळायचा असंल तर दुसरी जागा बघा. आजच बघा."

आम्ही दुसरी जागा बघितली नाही, पण चहा मात्र घरात केला नाही. आमचे हे कॉलेजजवळच्या टपरीवर घेऊन यायचे आणि मी शेजारच्या काकूंच्या परसात उभ्या उभ्या. परत येताना बडीशेप खाऊन यायची. तरीही त्यांनी ओळखलंच. "ये हिकडं. त्वांड उघड," म्हणाल्या. मी नवऱ्यापुढंही कधी इतकी घाबरले नव्हते.

आठवडा उलटल्यावर एका सकाळी त्या स्वतः उठून ओट्यापाशी बसल्या. चेहरा उतरलेला, पण डोळे स्वच्छ. "डोस्कं थांबलं," म्हणाल्या, आणि लगेच, "आता कळलं, मी किती वर्सं आजारी होते त्ये." मला वाटलं, आता बाई मवाळ होतील. कसलं काय. त्यांनी तेवढ्यात शिवांजलीला हाक मारून भांडी नीट घासली नाहीत म्हणून झापलं.

ऑपरेशन झालं. छातीच्या खालपासून बेंबीच्या वरपर्यंत सरळ लांब चीर. चमच्यानं पेज, चमच्यानं ताक. दोन-चार चमच्यांत हात वर व्हायचा आणि "साकु" म्हणायच्या. पुरे म्हणायचं झालं, की त्यांच्या तोंडी जतकडचा कानडी शब्दच यायचा. ज्या बाईच्या तोंडून हा शब्द उभ्या जन्मात कुणी ऐकला नव्हता, ती दिवसभर "साकु, साकु" करत होती. महिन्या-महिन्यानं अंग उतरू लागलं. झंपर शिवणीतून आत घ्यावे लागले. जिना त्या न थांबता चढू लागल्या, त्यामुळे कठड्याच्या शिव्या माझ्या वाट्याला आल्या.

गावात सांगितलं, पित्ताचे खडे काढले.

"खरं का सांगत नाही?" मी विचारलं.

"येडी हायेस का? खाऊन खाऊन प्वाट फुगलं म्हनून कापून घ्यावं लागलं, आसं सांगू? हौसा गावभर सनई लावंल. आनि पोरीला बघायला येतील, ती आधी माज्याकडं बघतील, मग तिच्याकडं. पोरगी बी अंगानं भरल्याली हाय. आईचं प्वाट कापलं, लेकीचं कवा कापनार, आसं इचारत्याल."

शिवांजली खरंच आईच्या वळणाची होती.

चहाचं मात्र त्यांनी एक केलं. सांगलीला आल्या, की मला चहा करायला लावायच्या, पेला दोन्ही हातांत धरून वास घ्यायच्या आणि मग तो माझ्याकडं सरकवून "पी आता" म्हणायच्या. मी पीत असताना एकटक बघायच्या. असा चहा गळ्याखाली उतरत नाही. "घोट मोठा घे. माशी बसल्यागत काय पितीस?" एकदाच त्यांचा धीर सुटला. संक्रांतीला गावी, चुलीपाशी कुणी नसताना त्यांनी अर्धी बशी घेतली. तासाभरात पोटात सुरी फिरल्यासारखं होऊन उलटी झाली आणि उलटीत रक्ताचे धागे आले. पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर इतकं खडसावलं, की फोन रंगूबाईंनी कानापासून हातभर लांब धरला. "आतल्या टाक्यांपाशी जखम आहे. पुन्हा घोटभर जरी घेतलात, तर पोट परत उघडावं लागेल. आणि या वेळी मी शब्द देत नाही." त्यानंतर वास घेणंही थांबलं.

अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चात शिवांजलीचं लग्न ठरलं. मुलगा फौजेत, घर कराडकडचं, माणसं करड्या शिस्तीची. मुलगी पसंत पडली. पण मुलाच्या वडिलांनी एकच अट घातली. "वडील न्हाईत, तवा कन्यादान चुलत्यानं करायचं. घरात भावकीची भांडणं आसली, तर आमी पुढं येणार न्हाई. उद्या आमच्या सुनेला माहेर कुठलं?"

आता माहेर म्हणजे नाथाजी, आणि नाथाजी म्हणजे हौसाबाई.

गावातले जाणते दादासो मधे पडले. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, मिशा पांढऱ्या, शब्द मोजका. त्यांनी नाथाजीला तयार केलं आणि रंगूबाईंना निरोप पाठवला : समेट व्हायचा तर चहानंच होईल. तेराव्याला भावकीसमोर शपथ चहाची घेतली, तेव्हा सुटणार तीही चहानंच. हौसाबाईच्या हातचा, हौसाबाईच्या घरात, पूर्ण कप. उष्टा टाकला तर प्यायला असं धरायचं नाही.

रंगूबाई निरोप ऐकून सांगलीला आल्या आणि दिवाणावर बसून राहिल्या.

मी म्हटलं, "साखर आहे म्हणून सांगा ना. साखर तर खरीच आहे तुम्हाला."

"मग बिनसाकरंचा करून दिल की ती."

"पोट दुखतंय म्हणा."

"आज दुकतंय, तर उद्या या म्हंत्याल. दादासो काय सोडतोय? मिल्ट्रीतला हाय." दिवाणाच्या चादरीची सुरकुती त्यांनी हातानं सपाट केली. "पिला तर मरीन. नाय पिला तर पोरीचं मोडंल. खरं सांगावं तर हौसा हसंल. बी.ए., तू चल संगं. तू गावची न्हाईस, तुज्यापुढं लाज वाटत न्हाई."

माझ्याविषयी त्यांनी काढलेले एवढेच चांगले उद्गार.

नाथाजींच्या सोप्यात, बाहेरच्या बैठकीत, माणसं बसली होती. मधे दादासो. नाथाजी मान खाली घालून सतरंजीचा दोरा उपसत होते. रंगूबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "बाप्यांत बसून मी च्या पीत न्हाई. रांडमुंड बाई मी. सैपाकघरात पिते."

दादासोंनी विचार केला. "बरं. पर पूर्ण कप, आक्का. हौसाबाई बाहीर यिऊन सांगंल, तवाच समेट."

स्वयंपाकघरात आम्ही तिघीच. हौसाबाईंनी चहा तयार ठेवला होता, आणि ठेवला होता त्याच जर्मनच्या किटलीत. दुखवट्याला आणली होती तीच, कानाशी चेपलेली. किटली मी ओळखली, म्हणजे रंगूबाईंनी ओळखलीच असणार. घरात दुसरी भांडी नव्हती असं नाही. फळी भरलेली होती.

"बसा आक्का," हौसाबाई म्हणाल्या. "सोन्यासारका योग. आवं, किती वाळलासा! मालक गेल्यावर लोक वाळत्यात, तुमी मातर दोन वर्सं थांबून वाळलासा."

"भर कप."

कप भरला, काठोकाठ. वर पिवळी साय. रंगूबाईंनी तो उचलला, ओठांपर्यंत नेला आणि तिथंच धरला. चहा बशीत सांडला.

"का हो? इख घातलंय व्हय मी त्यात?"

"तसं न्हाई."

"मग प्या की. त्या दिवशी माज्याच हातचा दोनदा पिला हुता. तवा मालक ओसरीवर हुतं, तरी उतरला. आता का उतरंना?"

मी म्हणाले, "हौसाबाई, त्यांची तब्येत..."

"तुमी भाड्यानं ऱ्हाता ना वो? मग भाड्यानं ऱ्हावा." त्या माझ्याकडं बघतही नव्हत्या. "आक्का, मी बाहीर जाऊन सांगू काय, की आक्कानं कप खाली ठिवला म्हनून? दादासोला हाक मारू?"

रंगूबाईंनी कप खाली ठेवला. उठल्या. दार लोटलं. मग काही न बोलता पदर बाजूला करून झंपराची खालची बटणं काढली आणि उघड्या पोटानं जावेसमोर उभ्या राहिल्या. ती लांब, जांभळट, दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणा असलेली चीर, आणि तिच्याभोवती रिकामी झालेली, लोंबणारी कातडी.

हौसाबाई पुढं वाकल्या. "खडं काढायला येवढं फाडावं लागतं?"

"खडं नव्हतं. प्वाट बारकं केलंय. अंड्यायेवढं. च्या पिला की रगत पडतं."

मला वाटलं, आता ही बाई हात जोडेल, निदान गप्प तरी बसेल. हौसाबाई हसल्या. आधी नाकातून, मग तोंडात पदर कोंबून, मग जमिनीवर बसून. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "अगं आई गं... खाऊन खाऊन... कापून घ्यावं लागलं? आवं, मला सांगितलं आसतं तर मीच कमी वाढलं आसतं की!"

रंगूबाई बटणं लावत होत्या. चेहऱ्यावर काही उरलं नव्हतं.

मग हौसाबाईंनी डोळे पुसले, तो भरलेला कप उचलला आणि उभ्या उभ्या स्वतः पिऊन टाकला. साय बोटानं पुसून चाटली. रिकामा कप हातात घेऊन दाराशी गेल्या आणि मागं वळून म्हणाल्या, "समेट मोडून मला काय मिळनार? पोरीचं लगीन हुंद्या. पर ध्येनात ठिवा आक्का, आजपासनं तुमचं प्वाट माज्या मुठीत." आणि बाहेर जाऊन मोठ्यांदा, "घेतला वो आक्कानी! पार तळ दिसंपातूर!"

सोप्यात टाळ्या वाजल्या. नाथाजी येऊन वहिनीच्या पाया पडले. त्यांना खरंच रडू आलं होतं, बिचाऱ्यांना.

लग्न मे महिन्यात. त्याच्या आधीचे सगळे दिवस हौसाबाईंनी वसूल केले. मांडवाचा मान कुणाचा, पंगतीत आधी कोण, शिवांजलीच्या हळदीला कुणाच्या माहेरच्या बायका पुढं, प्रत्येक ठिकाणी रंगूबाई काही बोलायला गेल्या, की हौसाबाई गोड आवाजात विचारायच्या, "आक्का, च्या आनू का?" आणि रंगूबाई गप्प व्हायच्या. ज्या बाईला गावात कुणी गप्प केलं नव्हतं, ती चहाच्या नावानं गप्प व्हायची. मुलीलाही कळेना, आईला झालंय काय. मी एकदा म्हटलं, "किती दिवस सहन करणार?" त्या म्हणाल्या, "कन्यादान हुईपातूर."

कन्यादान झालं. नाथाजींनी पुतणीचा हात नवऱ्या मुलाच्या हातात दिला, पाणी सोडलं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. पाठवणीची वेळ आली. वऱ्हाडाची गाडी फुलं लावून उभी होती. निघायच्या आधी दोघी विहिणींनी एकत्र चहा घ्यायचा, म्हणून मांडवात दोन खुर्च्या मांडल्या. आणि ताटात दोन कप घेऊन, नवी साडी नेसून, हौसाबाई आल्या.

विहीणबाई भारदस्त होत्या, बोलायला सावकाश. त्यांनी आपला कप उचलला. हौसाबाईंनी दुसरा रंगूबाईंच्या पुढं धरला आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घ्या आक्का. येकदा घेतलासा की माज्या हातचा, आता कसली लाज? आमच्या आक्काला च्याची लय आवड, विहीणबाई. किती आवड, त्ये सांगू का?"

"घ्या की विहीणबाई," मुलाची आई म्हणाली. "मी येकटी कशी पिऊ?"

शिवांजली जवळच, डोळे पुसत उभी होती. दादासो पानाला चुना लावत होते. मी रंगूबाईंच्या मागं होते, त्यांची मान ताठ होताना मला दिसली.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "मला च्या चालत न्हाई. मी लय जाड हुते. दारातनं आडवी जायची. मरायला टेकले हुते, म्हनून पुन्याला जाऊन प्वाट कापून बारकं करून घेतलं. गावाला खडं म्हनून सांगितलं, त्ये खोटं. च्या पिला, तर रगत वकते."

हौसाबाईंचं हसू तोंडावरच राहिलं.

"मग समेटाचा?" दादासोंचा चुन्याचा हात थांबला. "त्यो कुनी पिला?"

"इचारा तिला. तळ दिसंपातूर कुनी पिला, त्ये तिलाच म्हाईत."

दादासोंनी हौसाबाईंकडं पाहिलं. नाथाजींनी तर असं पाहिलं, की त्या एक पाऊल मागं सरल्या. "तू मला... पंचांफुडं खोटं बोललीस?" नाथाजी म्हणाले. "मी वैनीच्या पाया पडलो, त्ये कशासाटनं मग?"

"म्हंजे समेट झालाच न्हाई म्हना," विहीणबाई सावकाश म्हणाल्या.

"न्हाईच," रंगूबाई म्हणाल्या. "पर कन्यादान झालंय. अक्षता पडल्यात. आता तुमी पोरगी नेनार, का हितंच ठिवून जानार, त्ये तुमी ठरवा."

विहीणबाईंनी एकदा शिवांजलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ती नजर चांगली नव्हती. घरी गेल्यावर त्या नजरेची किंमत पोरीला द्यावी लागणार, हे मला तिथंच कळलं, आणि रंगूबाईंनाही. मग विहीणबाई म्हणाल्या, "सून नेऊ की. पर आमच्या घरात दोन टायमाचा च्या. त्याच्यावर न्हाई."

"चालतंय. तिला आवडतच न्हाई," रंगूबाई म्हणाल्या. हे मात्र खोटं होतं.

विहीणबाईंनी आपला कप अर्धाच ठेवला आणि उठल्या. हौसाबाई अजून ताट धरून उभ्या होत्या. त्यात एक भरलेला कप. कुठं ठेवावा, कुणाला द्यावा, त्यांना सुचेना.

रंगूबाई लेकीकडं जाता जाता थांबल्या. "हौसा, ह्यो बी तूच पी."

लेक रडली, आई रडली नाही. गाडी धुरळा उडवत गेली. पावणे पांगले. मी त्यांना हाताला धरून आणायला गेले, तर त्यांनी हात झटकला आणि मांडवातल्या त्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. हौसाबाईंनी कप तिथंच टाकून घरात कडी लावून घेतली होती. आतून नाथाजींचा आवाज येत होता. चहा गार झाला होता.

रंगूबाईंनी वाकून कपात बघितलं.

"बघ बी.ए.," त्या म्हणाल्या, "लगनाचा च्या, आन साय धरंना. पानी वतलंय भवानीनं."